अर्धचंद्र

मेन लाइनीतल्या एकूण एक दुकानाचं नाव
माझ्या हातून गेलंय.
उजव्या कोपऱ्यात खाली बघा,
'गुणवंत', बस एवढंच, मुगाएवढं.
मोईजभाईंच्या हार्डवेअरवर तर तीनदा:
आधी त्यांचे अब्बा,
मग अब्बा आणि ते,
मग नुसते ते.
खरवडलं तर सगळे सापडतील खाली.

मग फ्लेक्स आले.
माझ्या शिडीवर सात उन्हाळे
बायकोनं कुरड्या वाळवल्या.

या दिवाळीनंतर आर्वीभर झालं
की बंद पडलेल्या टायपिंगच्या गाळ्यात
दर्शना कॉफी विकणार.
पुण्यात चार वर्षं मशीनपाशी उभी होती म्हणे.
"साठ रुपयाची काफी?"
टावरी कढईतून वर न बघता म्हणाले,
"साठात तं माणूस पुलगावले जाते,
आन् कचोरी खाऊन जाते."

दाल मिलच्या माडीवर मंडळाची बैठक भरली.
मला चहा आणायला ठेवलं होतं, म्हणून ऐकलं.
कोणी म्हणालं पार्किंग.
कोणी म्हणालं, पोरंपोरी बसून राहतील तासन् तास.
(गादीवर सकाळपासून बसलेले सगळे
माना हलवत होते.)
कोणी म्हणालं नळाचं पाणी.
तिचं आडनाव कोणीच घेतलं नाही,
इतकं जपून घेतलं नाही
की मला ते खोलीभर ऐकू आलं.
"बाहेरची माणसं घुसून राह्यली," एक जण म्हणाला.
तिच्या बापानं या लाइनीतलं
एकेक पोतं पाठीवर आत नेलंय.
मागच्या दारानं, पण आतच.

अध्यक्ष म्हणाले,
"महिनाभरात अर्धचंद्र देऊ तिले.
गुणवंता, कापडावर लिही,
बाजारपेठ वाचवा. मोठं लिही. लाल."

लिहिलं.
पैसे अजून यायचेत.

दुसऱ्या दिवशी ती आली.
"काका, फ्लेक्स नको मले. हातानं लिहून द्या."
आगाऊ रक्कम तिनं फोनवर टाकली,
पोराच्या नंबरवर, माझ्याकडे तसलं काही नाही.
डबा तोच उघडला. अर्धा उरला होता लाल.

'दर्शना' सरळ गेलं.
क काढला, काना दिला,
आणि ब्रश हवेत थांबला.
आमच्याकडे सगळे काफीच म्हणतात.
डॉक्टर तामगाडग्यांच्या दवाखान्यानंतर
चंद्र हातात आलाच नव्हता.
खाली बघतो तर शिडीला मोईजभाई.
"सही केली ना मी त्या कागदावर," स्वतःच म्हणाले,
"पण तू पडला तं माझा बोर्ड कोण रंगवन?"
समोर टावरींचा झारा थांबलेला.
सोनाराचा पोऱ्या फोन वर धरून शूटिंग काढत होता.

द्यायचाच होता अर्धचंद्र.
मी तो का-च्या डोक्यावर दिला.
जरा कलला.
"पुसू का?" म्हटलं.
ती म्हणाली, "राहू द्या, वाटीसारखा दिसतो."

चालतं की नाही, सांगता येत नाही.
दुपारी रिकामंच असतं, ती एकटी
काच पुसते, पुन्हा पुसते.
संध्याकाळी बँकेतल्या दोघी येतात,
कधी कधी तलाठी.
टावरींनी मात्र कचोरी दोन रुपयांनी उतरवली,
तीस वर्षांत पहिल्यांदा,
आणि कारण विचारलं तर तेलाचा भाव सांगतात,
जो चढलाय.

बॅनर चौकात आहेच.
उन्हानं कापडावरचा रंग आधी उडतो,
पत्र्यावरचा टिकतो, डबा एक असला तरी.
तिच्या बोर्डावर कोपऱ्यात मी आहे, मुगाएवढा.
बॅनरवर नाही.
कापडावर मी सही करत नसतो,
असं विचारणाऱ्याला सांगतो.