काही नाही

कास्त्रोच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
अंधार केलेल्या खोलीत माझं काम चालतं.
जेल कोमट करून ठेवते, बाहेर तशीही थंडी असते.
लोकांच्या पोटांवरून यंत्र फिरवते
आणि दिवसातून चार-पाचदा म्हणते,
काही नाही.

ओनोफ्रेच्या यकृतात होतं तसलं काही नाही.
बोटीवरचा आचारी, पित्ताचे खडे शोधायला आलेला.
खडे सापडले नाहीत. सापडला
एक पांढरा, गोल, स्वच्छ कडेचा ठिपका,
त्याची बायको बाजारात विकते
त्या लोकरीच्या गुंड्यासारखा.
हेमॅन्जिओमा, मी कागदावर लिहिलं.
रक्तवाहिन्यांचा गुंता. साधा. राहू दे तिथेच.
"रक्त आहे तर पांढरं का?"
म्हटलं, आत इतक्या बारीक भिंती आहेत
की आवाज शिरतो न शिरतो तोच माघारी येतो.
"बायकोच्या माहेरी माझंही तसंच होतं," म्हणाला
आणि शर्टाची बटणं लावू लागला.

नोल्फाला मात्र मला चटकन म्हणता आलं नाही.
शिंपल्यांच्या कारखान्यातून तशीच आलेली, बाह्या ओल्या,
कडेवर तीन महिन्यांची रेनाता
आणि रेनाताच्या डाव्या पापणीवर
पिकलेलं मुर्ताचं फळ.
जन्मली तेव्हा टाचणीच्या टोकाएवढं,
पंधराव्या दिवशी मसुरीएवढं,
आता डोळा उघडेना.

आमच्या बेटावर डोहाळ्याला आणि जन्मखुणेला
एकच शब्द आहे.
सासू, दोमितीला, दारातूनच सांगत होती:
चौथ्या महिन्यात हिला मुर्ता हवं झालं,
मोसम नव्हता,
आणि हिनं नेमका तेव्हाच डोळा चोळला.
नोल्फा मान खाली घालून ऐकत होती,
झडती चालू असल्यासारखी.

मी यंत्र पापणीवर टेकवलं, पिसाच्या भारानं.
पडद्यावर लाल, निळं, लाल, निळं.
एवढंसं लेकरू आणि केवढी वर्दळ!
वाटेला वाट फुटलेली, तिला आणखी दोन,
पोचायचं मात्र कुठेच नव्हतं.
थांबायचं कळलं नव्हतं कुणाला, इतकंच.
मी दोमितीलाकडे वळून म्हटलं,
यात मला कुणाचा डोहाळा दिसत नाही.
दिसण्यासारखा असता तरी
या यंत्राला दिसला नसता,
हे नाही सांगितलं.

औषध मिळालं, मूळचं हृदयाचं, मिलिलिटरनं मोजून.
दूध पाजल्याशिवाय द्यायचं नाही,
रात्री उठून बघायचं, बाळ गार तर पडलं नाही ना.
लाल होतं ते जांभळट झालं,
मग मधोमध राख धरू लागली,
सकाळच्या चुलीतल्या निखाऱ्यावर धरते तशी.

त्याच हिवाळ्यात माझी पाठ धरली.
बरोबरच्या पोरानं मलाच यंत्रात सरकवलं.
अकरावा मणका. आत उभ्या रेघा,
मोजक्याच, पण जाड,
मधलं हाड रक्तानं बाजूला सारलेलं.
"काही नाही," तो म्हणाला.
तेव्हा कळलं,
आडव्या पडलेल्या माणसाच्या कानात
हे दोन शब्द किती पोकळ वाजतात.

चित्र घरी नेलं, खिडकीला लावलं.
खिडकीतून गाम्बोआची घरं दिसतात,
लाकडी खांबांवर उभी, पाण्यात.
ओहोटीला खालचं सगळं उघडं पडतं:
चिखल, दोर, कुणाची तरी पालथी होडी.
एर्सिरा मावशीच्या घराचे निम्मे खांब
कधीच कुजून गेले.
उरलेल्यांवर ती अजून भाकऱ्या भाजते,
पाहुणे आले की चूल पेटवून नाचतेसुद्धा.
चित्र काही दिवस तिथेच राहिलं.

परवा नोल्फा भेटली, धक्क्यावर.
रेनाता चार वर्षांची, दोन्ही डोळे टक्क.
पापणीची कातडी तेवढी सैल,
फार वेळा धुतलेल्या कापडासारखी.
नोल्फा म्हणाली, घरात सगळे तिथेच मुका घ्यायचे,
दोमितीलासुद्धा, कुणी बघत नसलं की.
आता अंधारात जागा सापडत नाही.
मग हीच बोट लावून दाखवते, इथे.

आणि दर वेळी
उजवी पापणी दाखवते.