छत्तीस

अशदोदला सव्वीस वर्षं मी बस चालवली.
इथे मला बसचा नंबर वाचता येत नाही.

पुढच्या काचेवर मराठी आकडा,
इंग्रजी तो बाजूला, दारापाशी.
तो दिसेपर्यंत बस हललेली असते
आणि ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघतो,
जसं मीही बघितलंय
धावत येणाऱ्या कितीतरी माणसांकडे.

आईने बोलणं दिलं, लिहिणं राहून गेलं.
कालवणात कोकम किती, दूध कुठवर आलं,
तिच्या स्वैपाकघरात एवढ्याला कान पुरत.
म्हणून मी माझगावच्या इष्टापवर उभा,
तोंडात भाषा आणि डोळे कोरे.

बरं, तोंडातली तरी कुठे खपते?
"शहाळं केवढ्याला?" मी विचारतो.
"साठ रुपया अंकल, मलाई चलेगी?"
चावीवाला, लिफ्टमन, चष्म्याच्या दुकानातली पोरगी,
सगळे हिंदीतून उत्तर देतात,
अगदी मायेने,
बहिऱ्याशी मोठ्याने बोलावं तसं.
फक्त लॉजवरचे नार्वेकर एकदम थांबले:
"काय म्हणालात? आगबोट?
पुन्हा म्हणा."
मी पुन्हा म्हटलं.
त्यांनी बायकोला आतून बोलावून तिला ऐकवलं.

तिसऱ्या दिवशी कळलं, इथला हॉर्न शिवी नाही.
आहे मी, आहे मी, एवढंच सांगतो तो,
आणि समोरचा जराही न रागावता
चार बोटं सरकतो. चारच.
आमच्याकडे एवढ्यात दोघे खाली उतरले असते.

पहाटे पाचला नळ येतो.
कुणी कुणाला उठवत नाही, तरी
सगळ्या मजल्यांवर बादल्या एकाच वेळी बोलू लागतात.
समोरचा दुकानदार शटर वर करण्याआधी
उंबऱ्याला हात लावतो, कपाळाला नेतो,
मग त्याच हाताने तंबाखू मळतो.
माझाही हात आपसूक चौकटीकडे गेला,
बाहेर पडताना घरी जातो तसा.
लॉजच्या चौकटीवर
विजेच्या मीटरचा नंबर होता फक्त.
तोही मराठीत.

आकडे शेवटी शिकवले मिसबाह सुर्वेने,
वह्यांच्या दुकानात बापाच्या जागी बसलेली, सातवीत.
ती मराठीच बोलली. पावतीच्या पाठीवर काढत गेली:
"चारच्या कमरेला गाठ.
हा नऊसारखा दिसतो ना, तो एक.
सगळे त्यालाच फसतात, काका.
आणि तीन-सहा हे असे,
बघा, पाठीला पाठ."

आई शेजारच्या दिनाबाईंबद्दल म्हणायची,
तिचा नि माझा छत्तीसचा आकडा.
मला वाटायचं, त्यांच्या घराचा नंबर असेल.
एकदा जिन्यात जाऊन शोधलाही होता,
त्यांच्या दारावर अकरा होतं.
त्या वारल्या तेव्हा आई दोन दिवस जेवली नाही
आणि तरी म्हणालीच, छत्तीस होता आमचा.

एकसष्टाव्या वर्षी, माझगावच्या फुटपाथवर,
पावतीच्या पाठीवर दिसल्या मला दोघी,
एकमेकींकडे पाठ करून,
पण किती जवळ बसलेल्या.

मी मिसबाहला पन्नास रुपये देऊ लागलो.
"तसे नको," ती म्हणाली, "उजळणी घ्या,
पंचवीसला आहे,"
आणि पंचवीस परत केले.

आता इष्टापवर मी पुढे उभा राहतो.
काल एक म्हातारबाई, चष्मा घरी विसरलेल्या:
"कितवी आली हो?"
मी डोळे बारीक केले. वर गोल, खाली शेपूट.
"एक!" गरजेपेक्षा जरा मोठ्यानेच म्हणालो.
"मग माझी नाही," म्हणत त्या बाकावर टेकल्या.

माझी होती ती.
ड्रायव्हरने मला बघितलं,
ब्रेकवर पाय ठेवून क्षणभर थांबला,
मीही थांबायचो कधीकधी.
मी हातानेच सांगितलं, जा.