पासंग

बोहरी आळीच्या तोंडाशी माझं दुकान,
वजनकाटे दुरुस्तीचं.
सोनाराचा असो, भंगारवाल्याचा असो,
मार्केट यार्डातल्या कांद्याचा असो,
काटा आला की मी आधी तो रिकामा ठेवतो
आणि म्हणतो, हं, शून्य दाखव.

रेवा झाली तेव्हा कमला नेहरूमधल्या काट्यानं
एक किलो आठशे दाखवलं.
मी आकड्याकडे नाही, खाली पाहिलं.
पातळीचा बुडबुडा मध्यावर नव्हता.
सिस्टर, टेबल कललंय.
त्यांनी पायाखाली पुठ्ठा सारला.
एक किलो सातशे ऐंशी.
वैजयंता खाटेवरून म्हणाली,
आता आणखी काही दुरुस्त करू नका.

तिसऱ्या दिवशी सोळाशे नव्वद.
पहिल्या आठवड्यात उतरतंच, डॉक्टर म्हणाले,
जसं काही कोथिंबिरीबद्दल बोलत होते.
बघायला आलेला मावसभाऊ म्हणाला,
पासंगालाही पुरायची नाही रे ही.
मी काही बोललो नाही.
पासंग कशाला बांधतात त्याला ठाऊक नसावं.
जे पारडं हलकं असतं, त्याला.

बावीस दिवस शर्टाची बटणं काढून
तिला छातीवर धरून बसलो,
दुपारी वैजयंता, रात्री मी.
अंगाला मशीन ऑइलचा वास, कितीही घासलं तरी.
तिचे ठोके माझ्या दुप्पट वेगानं.
मी म्हणायचो, सावकाश, गिऱ्हाईक नाहीये कुणी.

घरी आल्यावर दर सुट्टीला
शटर अर्धं वर करून तिला तोलायचो.
सासूबाईंना पटायचं नाही.
तुळा देवाची करावी, लेकराची नाही, नजर लागते.
मी वहीत आकडे लिहायचो आणि
शेजारी बारीक अक्षरात: टोपी वजा, दुपटं वजा.

पण काही काही गोष्टींची नोंद चुकलीच.
काट्यावरचे लाल आकडे बदलले की
तिची बुबुळं बदलायची,
हे मला आधी कळलंच नाही,
वाटलं, ती माझ्याकडे बघतेय.
स्वतःची मूठ सापडली तेव्हा
ती कितीतरी वेळ गप्प होती.
पालथी पडली ती कुणीच पाहिली नाही.
उताणी ठेवून गेलो होतो,
येऊन बघतो तर नाक चटईत आणि भयंकर राग.
त्या दिवशी तोललं.
वजन कालच्याइतकंच.
मी दोनदा तपासलं.

दहाव्या महिन्यात, मागच्या खोलीत,
पितळी वजनांची पेटी उघडी राहिली.
त्यातलं एक ग्रॅम मीसुद्धा हातानं उचलत नाही,
घामानं फरक पडतो, चिमटा लागतो.
तिनं अंगठा आणि तर्जनी जुळवली.
इतकं नेमकं, की मी खूश होऊन बघत राहिलो,
आणि ते तोंडात गेलं.

माझं बोट आत. दोन दात लागले. मग थंड धातू.
निघालं.
ती रडली, मग लगेच विसरली.
मला संध्याकाळपर्यंत एकही काटा
शून्यावर आणता आला नाही.

वाढदिवसाला दुकानात आलो तिघं,
वैजयंताच्या हातात बुंदीचा पुडा.
पोती तोलायच्या काट्यावर रेवाला उभी केली,
खांबाला धरून.
आकडा ठरेना.
सात नऊशे, आठ, सात आठशे ऐंशी.
ढुंगण हलवत होती, बाईसाहेब नाचत होत्या.
जरा थांब ना गं.

थांबली. बोट पुढे केलं,
आणि तेवत असलेलं 'टेअर'चं बटण दाबलं.
शून्य.
काट्यावर उभी, अख्खी, दोन वेण्यांच्या आशेनं
बांधलेल्या एका शेंडीसकट,
आणि शून्य.
तिनं टाळी वाजवली.
त्यासाठी खांब सोडावा लागला,
तो मग पुन्हा धरलाच नाही.
उतरली. एक पाऊल. दुसरं.
तिसऱ्याला बसली, थेट बुंदीच्या पुड्यासमोर.

मागे रिकाम्या काट्यावर आकडा होता
उणे सात किलो नऊशे वीस.

शटर ओढलं.
प्लग तसाच ठेवला.