वाफा क्रमांक अकरा

पालिकेच्या अर्जात एक चौकोन होता:
‘संस्थेची रचना, आकृतीसह.’
जिल्हा सांख्यिकी कार्यालयात मी एकतीस वर्षं
विहिरी, बैल, शिलाई यंत्रं मोजली,
म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

वॉचमनच्या खोलीतला कॅरमबोर्ड घेतला,
पावडर पुसली, खडूनं चौदा वाफे आखले.
वॉचमन कुरकुरला.
माणसांसाठी बिया. जालन्यात बियांना काय तोटा;
कंपनीतून घरी बसलेल्या त्र्यंबक घनसावंतानं
मूठभर आणून दिल्या, एकेकीचं वाण सांगत.

मुनीरा आपा: पावट्याचा दाणा.
पारसमलजी: भोपळ्याची बी, रुंद, पांढरी;
पंप त्यांनी दिलेला, म्हणून मधोमध.
रेणुका आणि तिचा मुका दीर
मेथीचे दोन दाणे, एकाच वाफ्यात.
त्र्यंबक कारलं. त्याचं त्यानंच निवडलं.

मग काड्यापेटीतल्या काड्या.
गुलाचं टोक ज्याच्याकडे, तो घेणारा.
कोणाकडून कोणाला काय जातं:
शेणखत, किल्ली, रोपं, शिव्या.

दुपारपर्यंत बोर्ड भरला.
रेणुका कंबरेवर हात ठेवून वाकली.
“हे काय मांडायलाव, काका?”
आपली बाग, मी म्हणालो.
“मग ह्यात पाणी कुठंय?”

पाणी आठ दिवसांनी येतं, रात्री दोनला,
आणि दोनला बागेत जे चालतं
ते माझ्या काड्यांत बसत नव्हतं.
आपा आणि त्र्यंबक दीड वर्ष बोलत नाहीत.
एक वेल बांध ओलांडून गेला,
दोडके कुणाचे, एवढंच निमित्त.
तरी आपाचं भिजलं की ती पायपावर दगड ठेवते,
त्या आवाजानं त्र्यंबक बाकावरून उठतो,
त्याचं दारं धरून झालं की तोच दगड
पुढच्या वाफ्याच्या तोंडाशी.
याला कुठली काडी लावू?
मी दगडासाठी एक खडा ठेवला.
बोर्डाला कुणाचाही धक्का लागला की तो घरंगळायचा.

आणि अकरा नंबर.
गंगासागरबाई संक्रांतीनंतर मुलाकडे गेल्या, पुण्याला.
वांगी लावून गेल्या, येते म्हणाल्या.
त्यांची बी मी कोपऱ्यातल्या जाळीत टाकली होती.

मार्चात ती वांगी पिवळी पडली.
पाण्यावाचून, असं सगळे म्हणाले,
कुणी कुणाकडे न बघता.
त्र्यंबकनं एक रोप उपटलं, मुळं हुंगली.
“पाण्यानंच कुजलीत.”

बराच वेळ नुसता पंप वाजत होता.
मग रेणुका म्हणाली, मी घालायले रोज,
भांडी विसळलेलं.
पारसमलजींनी चष्मा पुसला: एक लोटा फक्त, सकाळी.
दिरानं दोन बोटं दाखवली.
वॉचमन म्हणाला, साहेब, मला वाटलं कुणीच नाही घालत.
आपा गप्प, पण कळशी तिनं पदराआड घेतली.
आणि मी.
मीही रात्री जेवून आल्यावर.

आठ दिवसाला नळ येणाऱ्या गावात
एक वाफा बुडून मेला होता
आणि माझ्या आकृतीत
त्याच्याकडे एकही काडी जात नव्हती.

आता तिथं विटेवर कान तुटलेला कप असतो.
पाणी घालणाऱ्यानं पालथा करायचा,
पहाटे वॉचमन सरळ करतो.
नवी वांगी धरली. पहिल्या तोडीचा वाणवळा
घरोघर गेला, आपाकडून त्र्यंबककडेही,
पण रेणुकाच्या दिराच्या हातून.

अर्जात शेवटी अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष लिहिलं,
रेषा सरळ, बाण खाली.
शिक्का बसून परत आला.

काल संध्याकाळी गेलो, तर कप सरळ.
माती मात्र काळी दिसत होती.
बोट घातलं: पेरभर आतपर्यंत ओल.
इकडेतिकडे पाहिलं, कुणी नव्हतं.
मी कप पालथा केला.