दालन क्रमांक चार

माझं काम उभं राहण्याचं.
चौथ्या दालनात, दहा ते पाच, सोमवारी सुट्टी.
बाहेर मास नदी, राखाडी पाणी, कंटेनर;
आत अंधार, आणि अंधारात तिचं काम.
ओनिल्दा सारिरेजो.
दाराशी भिंतीवर हातभर मजकूर:
आई मिंदेलोच्या बंदरावरची, बाप सुरिनामचा जावानीज,
ती स्वतः इथली, रॉटरडॅमची.
‘तीन खंडांची लेक’ असं लिहिलंय.
खंडांना लेकी होतात, हे मला नवीन.

पहिल्या दालनात तिनं रंगवलेल्या फिल्मच्या पट्ट्या,
नखाएवढ्या चौकटीत निळीचा एकेक थेंब.
दुसऱ्यात बाटिकचं कापड, फुलांच्या जागी
बोटीच्या तिकिटांवरचे शिक्के.
तिसऱ्यात कोणी फार रेंगाळत नाही.
माझ्याकडे बाक आहे, म्हणून थांबतात.

चौदा मिनिटं. कृष्णधवल. मग पुन्हा पहिल्यापासून.
एक बाई मासळी साफ करतेय.
सुरी पोटात, आतडी बादलीत,
आणि मान वर न करता ती बोलत राहते
माझ्या आईच्या बोलीत.
खाली डच अक्षरं उमटतात:
“समुद्र सगळं परत घेतो.”
लोक सुस्कारतात. एकीनं वहीत उतरवून घेतलं.

बाई काय म्हणते ते मला ठाऊक आहे.
ती म्हणते, बंद कर ते यंत्र, तुझा भात लागतोय खाली.
मग म्हणते, हेंड्रिककडून अजून अकरा गिल्डर यायचेत.
मग एक शिवी, जी मी
नऊ वर्षांचा असल्यापासून ऐकली नव्हती
आणि आता दिवसातून तीस वेळा ऐकतो.

पहिल्या आठवड्यात हसू आवरेना.
तिसऱ्यात घरी जाऊन मी उगाच भात टाकला,
आच मोठी ठेवली,
आणि करपल्याचा वास येईपर्यंत शेजारी उभा राहिलो.

सांगावं का कुणाला?
क्युरेटर मारलूसबाई सज्जन आहेत.
पाय दुखतात का, असं एकदा विचारलं होतं त्यांनी.
तेवढंच विचारलं.

शेवटच्या शुक्रवारी ओनिल्दा आली,
चाकांच्या खुर्चीत, पुतण्या ढकलत होता,
पांढरे केस अगदी बारीक कापलेले.
दालनात आम्हीच.
शिवी आली तेव्हा ती आणि मी एकदमच हसलो.
तिनं मान वळवली.
“कुठल्या बेटाचा?” त्याच बोलीत.
“सांतु अंतांव. पण बाई, ती खालची अक्षरं...”
“मीच लिहिली. अनुदान देणारी समिती होती.
त्यांना समुद्र हवा होता.”

मग बराच वेळ कोणीच काही नाही.
पडद्यावर खवलं उडत होती.

“आणि भात?”
“लागला होता,” ती म्हणाली.
“खरवड माझ्या वाट्याला आली.
बस ना जरा.”
पुतण्यानं घड्याळ पाहिलं.
रखवालदारानं बाकावर टेकणं नियमात बसत नाही.

मी बसलो.