लोकरीचा डाग

नकाशात हे बेट अंगठ्याखाली झाकून जायचं.
इथे पाय ठेवला आणि टोपी गेली,
पाठोपाठ टोपीसाठी मारलेली हाकही.

फेरो बेटांतलं हे उत्तरेकडचं.
धबधबा समुद्रापर्यंत पोचतच नाही;
वारा त्याला अर्ध्यातून वर ढकलतो,
किल्ली विसरलेला माणूस जिना पुन्हा चढतो तसा.

तीन तास कड्यावर उभी होते.
तिपाईच्या तीन पायांची तीन मतं.
हेरबोर्ग आली, मागे कुत्रा, खांद्यावर दोर.
"कशाची वाट बघतेस?"
"उजेडाची."
उधारी बुडवणाऱ्याकडे बघावं तसं
तिनं आभाळाकडे बघितलं.
"तो काल येऊन गेला."

खाली कपारीत एक मेंढी अडकली होती.
भाचा टुम्मास कमरेला दोर बांधून उतरू लागला.
"ती डबी सोड. हे टोक धर."
इथल्या प्रत्येक कपारीला नाव आहे, म्हणाली.
ही डेमुसची. डेमुस म्हणजे तिचा काका.
का, ते मी विचारलं नाही,
दोराचा आणखी एक वेढा मनगटाला दिला.

आणि नेमका तेव्हाच तो आला.
ढगाला भोक पडलं, आणि अख्खा कडा
काळ्याचा तांबडा, तांबड्याचा मधासारखा.
हजारभर पक्षी एकदम पांढरे झाले.
कॅमेरा गळ्यात, डोळ्यावर झाकण,
माझे दोन्ही हात एका तरुण मुलाच्या वजनाशी बांधलेले.
सेकंदाचे अडीचशे तुकडे करणारी मी,
तो उजेड किती वेळ होता, सांगता येणार नाही.

मेंढी वर आली, टुम्मासला लाथ मारून
सरळ चरायला निघून गेली.
मग पाऊस, आडवा. मी झाकण काढलं,
तर हेरबोर्गनं न विचारता
हातमोज्याच्या अंगठ्यानं भिंग पुसून दिलं.
"भिजलं होतं."

घरी येऊन पाहिलं. त्यानंतरच्या
प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात धुरकट डाग:
गवताच्या छपरांवर, फेरीबोटीच्या नाकावर,
निरोपाला न हललेल्या हेरबोर्गच्या हातावर.
"पुसता येतो की," मित्र म्हणाला, "एका क्लिकमध्ये."

येतो.

भिंगाजवळ नाक नेलं तर
अजून ओल्या मेंढीचा वासही
येतो.