आवजो

मृण्मयीकडे सध्या सतरा शब्द आहेत.
मी मोजलेत. गणिताच्या शिकवण्या घेतो,
मोजल्याशिवाय चैन पडत नाही.
नऊ आमचे, पाच समोरच्या कोकिळाबेनचे,
दोन कुणाचेच नाहीत:
'बुफ्' म्हणजे पंखा, आणि 'टिक्का' म्हणजे
अजून कळलेलं नाही.

बेरीज सोळाच येते, बरोबर.
सतरावा 'मगल'.
कपडे वाळत घालायचा चिमटा,
तोंड उघडतो म्हणून.
विश्वामित्रीच्या पुलावरून एकदा तिला उचलून
मगर दाखवली होती,
ती माझ्या शर्टाचं बटण चोखत होती तेव्हा.
मला वाटलं होतं, दिसलीच नाही.

सकाळी ऋजुता स्कूटर काढते,
प्रतापनगरचं ऑफिस, साडेनवाची हजेरी.
मृण्मयी ग्रिलमधून हात काढते, म्हणते, आवजो.
हा कोकिळाबेनकडचा.
स्कूटर वळली की तो हात रिकामा राहत नाही.
कबुतर उडालं, आवजो.
टबातलं पाणी मोरीच्या जाळीतून
घुर्र करत खाली गेलं, वाकून, जाळीला नाक लावून,
आवजो.
कापलेलं नख, आवजो.
दुपारी लाइट गेली, पंखा हळू हळू थांबला,
आणि ती छताकडे बघत गंभीरपणे,
बुफ्, आवजो.

आमच्याकडेही निघणारा 'येतो'च म्हणतो.
मी पाचवीत असताना 'जातो' म्हणून निघालो,
तर आईनं उंबऱ्यावरून हाताला धरून आत आणला,
पाटावर बसवला, गूळ दिला,
आणि मग परत नीट निघायला लावलं.
शाळेला उशीर झाला, छडी बसली.
हिला हे कुणी शिकवलेलं नाही.
तिचा तो मोरीतल्या पाण्यावर विश्वासच आहे.
आणि खरं सांगायचं तर उद्या सकाळी
पाणी येतंच.

मंगळवारी जशीबेन आली,
डोक्यावर पाटी, पाटीत स्टीलची भांडी,
जुने कपडे घेते.
दोन साड्या, माझी एक पँट, यावर
पातेलं की डबा असा आमचा वाद रंगलेला,
तेवढ्यात मृण्मयी आतून डुलत आली.
हातात तिचे पहिले बूट,
चालताना चूं चूं करणारे,
आता टाच आत जात नाही.
एकाचा आवाज दिवाळीतच गेला होता,
दुसऱ्याचा आहे.
तिनं ते गाठोड्यावर ठेवले,
एक, मग दुसरा,
आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला.

दाराच्या चौकटीवर मी दर महिन्याला
पेन्सिलीनं रेघ मारतो. ती वर सरकली की
ऋजुताला फोटो पाठवतो, टाळ्यांसकट.
इथे मात्र मला काय झालं कोण जाणे,
मी वाजणारा बूट उचलून खिशात घातला.
जशीबेन म्हणाली,
'एक बूटनुं हुं शुं करूं, भाई?'
बरोबरच होतं तिचं.
मी दुसराही घेतला. डबा हुकला,
वाटी मिळाली.

दुपारभर त्या बुटांत मगरी राहायला होत्या.
एकीत तीन, एकीत दोन,
आणि वर थोडा वरणभात.
(वरणभात मी नंतर पाहिला. चमच्यानं काढला.)

संध्याकाळी नववीची पोरं आली.
अपूर्णांक अजून येत नाहीत त्यांना,
लसावि काढताना डोळे फिरवतात.
हार्दिकचा पाय अंधारात कशावर तरी पडला:
चूं.
आतल्या खोलीत झोपलेली मृण्मयी
एकदम उठून बसली, मोठ्यांदा ओरडली,
'टिक्का!'

म्हणजे बूट असेल.
किंवा हार्दिक.
किंवा गेलेलं काहीतरी
परत आलं की त्याला म्हणायचा शब्द.
मी खडू खाली ठेवला.
पोरांना म्हटलं, दोन मिनिटं, वहीत बघा,
आणि आत गेलो,
पायानं बूट पुढे ढकलत,
चूं, चूं,
पुन्हा म्हणते का बघायला.